राखाडी खिडकी

३ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

अण्णांचं सगळं उरकून काल पोचले. तीन आठवडे खोली बंद होती, कुंडीतलं झाड वाळून काडी झालंय. ते तसंच ठेवलंय. सध्या माझ्यात कशाला पाणी घालायचा उत्साह नाही.

फोन मुद्दाम केला नाही. फोनवर तू रडशील, मग मी रडेन आणि बोलायचं ते राहून जाईल. शिवाय आपल्याला पत्रांचीच सवय. अण्णांना सहीपुरतंच लिहिता यायचं, म्हणून मी हॉस्टेलला असताना त्यांच्या वतीने तूच लिहायचीस आणि खाली स्वतःच्या दोन टोमण्यांची भर घालायचीस. आणि खरं सांगायचं तर आता मला प्रत्येक गोष्ट कागदावर हवी आहे. का, ते ऐक.

मार्चमध्ये तू तुझ्या हॉस्पिटलमध्ये अण्णांच्या छातीचा फोटो काढलास. 'फुफ्फुसे स्वच्छ' असा रिपोर्ट आला आणि आपण सगळे निर्धास्त झालो. काल मी ती सीडी लावून बघितली. आत्या, तो फोटो अण्णांचा नाही.

मी डॉक्टर नाही, पण अण्णांच्या उजव्या खांद्यात लोखंडाची कपची होती. पंपहाउसवर काम करताना उडून आत रुतलेली. लहानपणी मी लोहचुंबक घेऊन त्यांच्या खांद्यावरून फिरवायचे आणि ते "ओढलं गं, ओढलं!" करत खुर्चीसकट माझ्याकडे कलंडायचे. फोटोत तो खांदा लख्ख दिसतोय. कपची नाही. आजारात माणूस झिजतो, लोखंड नाही. ऑगस्टच्या फोटोत ती जिथल्या तिथे आहे, आणि शेजारी तो आजार, हाताबाहेर गेलेला.

आता हे कसं झालं असेल ते सांगते. तुमच्याकडे फोटो साठवायला आमच्याच कंपनीचं सॉफ्टवेअर आहे, हे तुला माहीतच आहे. त्यात एक भोक आहे. ब्राउझरमधल्या पत्त्यापुढे चार आकडे टाकले की एक खिडकी उघडते. पासवर्ड विचारत नाही. तिथे कोणत्याही फोटोवरचं नाव पुसून दुसरं लावता येतं, आणि कोणी बदललं, कधी बदललं, याची कुठेही नोंद राहत नाही. हॉस्पिटलच्या बाहेर बसलेला एखादा भामटासुद्धा हे करू शकतो. सॉफ्टवेअर तपासणं हेच माझं काम. मला हे जूनमध्ये सापडलं. मी लेखी कळवलं, 'अतिगंभीर' असा शेरा मारून.

आमच्या साहेबांनी काय केलं? त्यांना आम्ही पाठीमागे 'नंतर' म्हणतो, कारण दोषांच्या यादीत प्रत्येक ओळीपुढे ते तो एकच शब्द लिहितात. माझ्याही ओळीपुढे लिहिला. मी केबिनमध्ये जाऊन विचारलं, तर म्हणाले, "ताई, ती खिडकी बंद केली तर आपलेच इंजिनिअर बोंबलतील. आणि इतकं काय घाबरायचं? कोण मेलंय अजून?"

कोण मेलंय ते मी त्यांना सांगणार आहे. चार लोकांसमोर, मोठ्याने. वैद्यकीय उपकरणांच्या तपासणी समितीकडे तक्रार करतेय. आज सकाळी राजीनामा दिला. मला तो माणूस मान खाली घालून बसलेला बघायचाय. त्याशिवाय माझ्या घशाखाली घास उतरणार नाही.

तुझ्याकडून एवढंच हवंय: त्या दिवसाचं रजिस्टर, आणि तुम्ही पेशंटला आकड्यांच्या चिठ्ठ्या देता, त्या. त्या दिवशी कोणाकोणाचे फोटो निघाले ते कळलं की अण्णांचा खरा फोटो कोणाच्या नावावर गेला ते शोधता येईल.

तुझी,
भिंगरी

---

११ ऑक्टोबर

लाडक्या भिंगरीस,

पत्र मिळालं. आधी जेव. घास उतरत नाही वगैरे वाक्यं लिहायला बरी वाटतात. तू दोन दिवस उपाशी राहिलीस की चौथीतल्यासारखी चक्कर येऊन पडशील आणि समितीवाले तुलाच खाटेवर घालून आमच्याकडे पाठवतील.

राजीनामा देताना कोणाला विचारलंस? आपल्या घरात पहिली पदवी तुझी. दादाने ती काचेत घालून पंपहाउसच्या भिंतीवर लावली होती, घरी नाही. येणारा-जाणारा मीटर वाचायला आला की आधी तुझी पदवी वाचायचा. ती काढून आणली परवा. मागे कोळ्याचं जाळं होतं, पुढची काच मात्र पुसपुसून पांढरी झालेली.

रजिस्टर कपाटात असतं, किल्ली सुपरवायझरकडे. मागितलं तर विचारतील कशाला. चिठ्ठ्यांचं म्हणशील तर त्या दिवसाच्या दिवशी टोपलीत जातात. इतक्या महिन्यांनी कुठून आणू?

आणि एक सांगू का? गर्दीच्या जागी हजार चुका होतात. मशिनच्या, प्लेटच्या, डॉक्टरांच्या घाईच्या. सगळं त्या खिडकीवर कशाला ढकलतेस? ती राखाडी खिडकी आमच्याकडे कोणी उघडतसुद्धा नाही. आम्हाला आमच्या कामातून मान वर काढायला फुरसत नसते.

मोठ्या माणसाशी वैर घेताना तो काय करेल याचाही विचार कर. तो उलटला तर तुला पुन्हा कोणी नोकरी देईल का? दादाला हे चाललं असतं का?

माझ्या हातून जे होईल ते करेन. पण थोडं थांब.

तुझी,
आत्या

---

१७ ऑक्टोबर

प्रिय आत्या,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना उभीच राहिले.

खिडकी राखाडी आहे, हे मी तुला लिहिलंच नव्हतं. माझ्या पत्राची प्रत माझ्याकडे आहे, शब्दन् शब्द तपासला. आणि बाकीचं सगळं सॉफ्टवेअर निळं आहे. ती एकच खिडकी राखाडी, कारण तिला रंग द्यायची कोणी तसदीच घेतली नाही. म्हणजे तू ती पाहिली आहेस!

रागावले नाही. उलट इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटतंय. कारण कळतंय का काय झालं ते? आमच्या कंपनीचा कोणीतरी तुमच्याकडे दुरुस्तीला आला आणि त्याने तुम्हाला ती दाखवली. तो कुरळ्या केसांचा असेल, दर वाक्यामागे 'काळजी नको' म्हणणारा.

साहेबांचं उत्तर आलंय समितीकडे, शपथेवर. म्हणतात, 'सदर खिडकीची कंपनीला जूनपूर्वी कोणतीही माहिती नव्हती. तक्रारदार कर्मचाऱ्याने कळवल्यावर आम्ही ताबडतोब विचार सुरू केला.' ताबडतोब! अख्खी हयात गेली असेल त्यांची 'ताबडतोब' हा शब्द न लिहिता. माझा अर्ज त्यांच्या या एका वाक्यावर अडलाय. कंपनीतल्या सगळ्यांना जूनच्या आधीपासून खिडकी माहीत होती, पण पुढे यायला कोणी तयार नाही. माझ्या शेजारी बसणारी, जी माझ्या डब्यातलं रोज खायची, ती आता जिन्यात दिसली तर चप्पल शोधायला खाली वाकते.

पण कंपनीच्या माणसाने जूनच्या आधी तुम्हाला ती दाखवली असेल, तर साहेबांनी शपथेवर खोटं सांगितलं. मग संपलेच ते.

तेव्हा मला त्याचं नाव हवंय. तो साधा नोकरदार असेल, घरी लहान मुलं असतील, मनाने चांगला असेल, मला फरक पडत नाही. ज्याने ती खिडकी तुमच्या हातात दिली त्याने अण्णांना मारलं. तक्रारीत त्याचं नाव साहेबांच्याही वर येईल. हे मी लिहून देते आणि सही करते.

तुझी,
भिंगरी

---

२ नोव्हेंबर

आत्या,

सोळा दिवस झाले. पोस्ट इतकं हळू चालत नाही.

सुनावणी वीस तारखेला आहे. तू उत्तर देत नाहीस याचा अर्थ मी एकच घेतेय, तुला तुझं हॉस्पिटल प्यारं आहे. आया म्हणून लागलीस, शिकून फोटो काढायला लागलीस, सगळे 'एक्स-रेवाल्या बाई' म्हणून मान देतात. तो मान जाईल म्हणून गप्प आहेस. आमचे 'नंतर' साहेबही असेच गप्प होते. तुमचं दोघांचं छान जमेल.

अण्णा तुझे भाऊ होते ना? मग नाव सांग.

भिंगरी

---

८ नोव्हेंबर

भिंगरे,

पत्रं सगळी मिळाली. उत्तर चार वेळा लिहून फाडलं. हे फाडणार नाही.

आमचं काम कसं चालतं ते आधी ऐक. सकाळी बाकावर तीस-पस्तीस माणसं. कोणी वाकलेलं, कोणी कडेवर मूल घेऊन. एकाचं नाव भरायला कॉम्प्युटर पाच मिनिटं घेतो, मधेच अडकतो. नाव चुकलं तर बदलायला सुपरवायझरचा पासवर्ड, आणि सुपरवायझर कधी जागेवर नाही. म्हणून मी एक पद्धत पाडली. प्रत्येकाला आकड्याची चिठ्ठी द्यायचे, सगळ्यांचे फोटो एकाच नावाखाली ओळीने काढत जायचे. चहाच्या सुट्टीत चिठ्ठ्या समोर मांडून, ती राखाडी खिडकी उघडून, पहिल्या फोटोला पहिलं नाव, दुसऱ्याला दुसरं, असं लावत जायचे. सगळे लवकर सुटायचे. लोक दुवा द्यायचे.

दादा आला त्या दिवशी मी त्याला बाकावर बसवलं नाही. माझा भाऊ, तो रांगेत का बसेल? माझ्या स्टुलावर बसवलं, माझ्या कपातला चहा दिला. शेवटी एक म्हातारा कंडक्टर उरला होता, रिटायर झालेला, हातात एकतीस नंबरची चिठ्ठी. दादाला पंपावर परतायचं होतं म्हणून मी त्याला आधी आत घेतलं. घरच्या माणसाला कसली चिठ्ठी द्यायची! दिली नाही.

पुढे तू शिकलेली आहेस, तुला सांगायला नको. एकतिसावा फोटो दादाचा होता. एकतिसावी चिठ्ठी कंडक्टरची. मी एकतीसला एकतीस लावलं. एक फोटो उरला, एक नाव उरलं. ते दादाचं.

त्या कंडक्टरला एप्रिलमध्ये परत बोलावलं होतं. फोटोत डाग आणि लोखंडाचा तुकडा. माझी सुट्टी होती, दुसरीने फोटो काढला, तो स्वच्छ निघाला. डॉक्टर म्हणाले, आधीच्या वेळी प्लेटवर काही आलं असेल. मला हे चहा पिताना कळलं. लोखंड म्हटल्याबरोबर माझा हात थांबला. घरी जाताना दादाकडे गेले. म्हटलं, एकदा फोटो परत काढूया. तो म्हणाला, "आत्ताच तर काढलास. पंपाचं काम आटपू दे, नंतर बघू." मी 'बरं' म्हटलं. भिंगरे, ते 'बरं' म्हणताना मला सुटल्यासारखं वाटलं. तेवढं मी कोणाला सांगितलेलं नाही.

आता नाव. तू सही करून मागितलंस म्हणून पाठवते. सोबत तुझंच पत्र आहे, पाकिटासकट, नऊ फेब्रुवारीचं, नोकरी लागून तुला महिनाही झाला नव्हता तेव्हाचं. दुसऱ्या पानावर बघ. फिरत्या खुर्चीचं कौतुक संपतं आणि कॅन्टीन सुरू होतं, त्याच्या मधे:

'तू सुपरवायझरच्या पासवर्डसाठी ताटकळतेस ना? आता नको ताटकळू. आमच्या साहेबांनी तिसऱ्याच दिवशी आम्हा नव्या मुलांना एक गंमत दाखवली. खाली चार आकडे लिहिलेत, ते पत्त्यापुढे टाक. एक राखाडी खिडकी उघडेल. कोणाला सांगू नकोस हं. बघ, भाची शिकली त्याचा उपयोग झाला की नाही?'

मी ते पत्र दादाला वाचून दाखवलं होतं. तो म्हणाला, "कुठे बसलीय आणि तुझं काम कसं सोपं करतेय बघ." दिवसभर हसत होता.

हे एकच पत्र आहे, प्रत नाही. फाडून टाक किंवा पेटवून दे. मी समितीपुढे येऊन सांगेन की कुरळ्या केसांच्या माणसाने दाखवली. मला खोटं बोलता येतं, गेले सात महिने तेच करतेय. फक्त तू हो म्हण.

आत्या

---

२१ नोव्हेंबर

आत्या,

हो म्हणायला पत्र लिहिलं नाही, यावरून तुला कळलंच असेल.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी तुझा इतका द्वेष केला की आरशात बघवेना. मग कळलं की द्वेषाला आरसाच बरोबर सापडलाय. मी सगळ्यांना सांगत फिरले की खिडकी मला जूनमध्ये 'सापडली'. सापडली नव्हती. साहेबांनी हसत दाखवली, मी हसत तुला पाठवली. जूनमध्ये मला फक्त तिची भीती वाटायला लागली. आणि मी स्वतःला शोध लावणारी म्हणवून घेतलं. खरंच विसरले होते गं. म्हणून ते कमी होत नाही.

काडेपेटी हातात घेतली होती, हेही सांगते. ते पत्र जळालं असतं तर मी दुखावलेली मुलगी, साहेब गुन्हेगार, चित्र स्वच्छ. पण त्यातलं ते वाक्य परत परत वाचलं, 'साहेबांनी तिसऱ्याच दिवशी'. पाकिटावर पोस्टाचा शिक्का, नऊ फेब्रुवारी. साहेबांचं शपथेवरचं खोटं उघडं पाडणारा दुसरा कागद जगात नाही. त्यांना खाली खेचणारा दोर माझ्याच कमरेला बांधलेला होता. मी म्हटलं, ओढूया.

काल सुनावणी झाली. लांब टेबल, तीन सभासद, मधे चष्मा लावलेल्या बाई. साहेब माझ्याच बाकावर, दोन हात अंतरावर. त्यांनी पुन्हा सांगितलं, जूनपूर्वी काही माहिती नव्हती. मग मी पत्र वाचायला उभी राहिले. आत्याला खिडकी मीच दाखवली, असं आधी सांगितलं तेव्हा साहेब चक्क हसले. वकिलाच्या कानाला लागले. त्यांना वाटलं, पोरगी आपल्याच पायाने खड्ड्यात आली. मग मी तिसऱ्या दिवसाचं वाक्य वाचलं आणि पाकीट टेबलावर ठेवलं. बाईंनी चष्मा काढून शिक्का वाचला, मग पाकीट दोघांकडे सरकवलं. वकिलाने साहेबांकडे बघितलं. साहेबांनी मान खाली घातली.

आत्या, मी हा क्षण दीड महिना मनात घोळवला होता. तो आला आणि मी तो पोटभर बघितला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. मी म्हटलं, "साहेब, तुम्ही विचारलं होतंत कोण मेलंय. माझे वडील."

बाईंनी विचारलं, "तुमच्या विरुद्ध जाणारं पत्र तुम्हीच कसं आणलंत?" मी सांगितलं, "दुसरा पुरावा नव्हता, बाई." आणि तक्रारीचा कागद पुढे केला. नावं मी सही केल्याप्रमाणे लिहिली होती. पहिलं माझं, मग साहेबांचं, मग तुझं.

समितीने निकाल दिला: खिडकी पंधरा दिवसांत सगळ्या हॉस्पिटलांमधून बंद करायची. बदललेल्या नावांची नोंदच नसल्यामुळे, ज्यांचे ज्यांचे फोटो त्यात साठलेत त्या सगळ्यांना परत बोलवायचं. हजारो माणसं असतील. साहेबांवर खोट्या शपथेचा खटला, नोकरी गेली. मला पाच वर्षं या कामाला हात लावायचा नाही. तुझी चौकशी होईल, तुझ्या हॉस्पिटलला कागद निघालाय. तू जे मला लिहिलंस तेच तिथे सांग. 'बरं'सकट.

बाहेर जिन्यात साहेब थांबले होते. म्हणाले, "ताई, काय मिळवलंत? दोघंही बुडालो." मी म्हटलं, "हो. पण आधी तुम्ही." आणि उतरले. खाली रस्त्यावर आल्यावर एका दुकानाच्या पायरीवर बसले.

पदवी परत पंपहाउसच्या भिंतीवर लाव. काचेतून काढू नकोस. अण्णांनी जिथे लावली तिथेच राहू दे. येणाऱ्या-जाणाऱ्याने विचारलं तर ती मुलगी पुढे काय करून बसली तेही सांग.

मी तुला माफ केलं का, हे तू विचारलं नाहीस, पण विचारशील. साहेबांना कधीच करणार नाही. माझं स्वतःचं अजून झालेलं नाही, तुझा नंबर त्याच्याही मागे. चिठ्ठी घे आणि बाकावर बस. या वेळी घरचं माणूस म्हणून आधी आत घेणार नाही.

भिंगरी